बेवारस डब्याचा वारस कोण?

एसटी स्टँडवर, रेल्वे स्टेशनवर ती अनाउन्समेंट आपण सगळ्यांनी लहानपणापासून ऐकलीय, बेवारस वस्तूला हात लावू नका, जवळच्या पोलिसांना कळवा. जिओकॅशिंग, म्हणजे जीपीएसवर बघून लपवलेले डबे शोधायचा खेळ, खेळणारी आपण मंडळी नेमकं उलटं करतो, मोबाईल हातात धरून उन्हातान्हात अशाच वस्तूला हात लावायला जातो, आणि वर तो डबा सापडला नाही की हळहळतो. ठीक आहे, खेळच तसा आहे. पण डबा बेवारस दिसणं वेगळं आणि तो खरोखरच बेवारस होणं वेगळं, आणि सध्या जे चाललंय ते बघता या दुसऱ्या प्रकाराबद्दल कोणीतरी स्पष्ट बोलायला पाहिजे असं वाटायला लागलंय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. ज्या कॅशचा, म्हणजे लपवलेल्या डब्याचा, ओनर गायब झालाय ती ठिगळं लावून जिवंत ठेवायच्या भानगडीत पडू नका, तिला आर्काइव्ह होऊ द्या, म्हणजे साइटच्या नकाशावरून कायमची जाऊ द्या. आणि आर्काइव्ह झाली की कोणीतरी जाऊन तो डबा उचलून आणा. पहिलं काम वेबसाइटची माणसं करतात, उशिरा का होईना करतात. दुसरं काम कोणाचंच नाही, म्हणून ते होतच नाही, आणि माझा सगळा राग या दुसऱ्या कामावर आहे.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २ मे २००० ला अमेरिकन सरकारनं जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली गडबड बंद केली, त्याआधी सामान्य माणसाच्या जीपीएसला शंभर मीटरपर्यंतची चूक यायची, ती एका रात्रीत दहा-वीस मीटरवर आली. दुसऱ्याच दिवशी ऑरेगन राज्यातल्या डेव्ह अल्मर नावाच्या माणसानं बीव्हरक्रीक गावाजवळ एक बादली लपवली, त्यात थोड्या वस्तू आणि एक वही ठेवली आणि अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. लोकांनी ती शोधली. त्याच वर्षी सप्टेंबरात जिओकॅशिंग डॉट कॉम सुरू झालं आणि आज जगभरात तीस लाखांच्या वर असे डबे लपवलेले आहेत. शोधायचं, वहीत नाव लिहायचं, डबा होता तिथं तसाच ठेवायचा, घरी येऊन ऑनलाईन लॉग, म्हणजे नोंद, टाकायचा. जो लपवतो तो ओनर. एवढंच.

आता सगळी गोम या ओनर शब्दापाशी आहे. लपवणं एका दुपारचं काम आणि सांभाळणं वर्षानुवर्षांचं. कॅश टाकताना साइट तुमच्याकडून कबूल करून घेते की तुम्ही ती सांभाळाल, जागेच्या मालकाची परवानगी घेतलीय, तिथं अधूनमधून जाऊन बघणं तुम्हाला शक्य आहे. सुट्टीला आलेल्या माणसानं लपवून निघून जायचं हे म्हणून तर चालत नाही, कॅश तपासून मंजूर करणारा रिव्ह्युअर विचारतो, तुम्ही राहता कुठे, सांभाळणार कोण? पण कागदावर काय, सगळेच हो म्हणतात. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळे हो म्हणतात की नाही, तसलंच.

आणि आपल्या सोलापूरचा प्रॉब्लेम तुम्हाला माहितीच आहे, इथं माणूस टिकत नाही. पोरगं इंजिनिअरिंगला असतं, कुठून तरी हा नाद लागतो, दोस्तांना घेऊन कंबर तलावाच्या बाजूला, विजापूर रोडला, कुठं कुठं डबे लपवतं, दोन वर्षं अगदी मनापासून बघतं, मग कॅम्पसमधून जॉब लागतो आणि हिंजवडी, नाहीतर हैदराबाद, नाहीतर थेट परदेश. आता ते दिवाळीला आणि संक्रांतीच्या गड्ड्याच्या यात्रेला तीन-चार दिवस येतं, त्यात नातेवाईक, लग्नं, मित्र, हुरडा, आणि डबा बघायला वेळ कुठला. दोष कोणाला द्यायचा? आईला फोन करून सांगणार का, की आई जरा तलावाच्या कट्ट्याच्या खालच्या फटीत हात घालून बघ गं वही ओली झालीय का? आई चप्पल काढेल. म्हणजे हे ओनर काही वाईट लोक नाहीयेत, शहरच असं आहे की शिकलेलं पोर बाहेर जातं. पण डबा जात नाही ना त्याच्याबरोबर, तो इथंच राहतो.

त्यात आपली हवा. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो तेव्हा साधा किचनमधला प्लॅस्टिकचा डबा दगडाच्या फटीत अक्षरशः भाजून निघतो. दोन उन्हाळे झाले की झाकणाच्या चार बाजूच्या क्लिपांपैकी एखादी हातात येते, रबर कडक होऊन चिरतं. पाऊस आपल्याकडे कमी असं आपणच म्हणत असतो, पण सप्टेंबरात परतीचा येतो तेव्हा काय होतं ते शेतकऱ्याला विचारा. तो पाऊस त्या चिरलेल्या रबरातून बरोब्बर आत जातो आणि मग पुढचे आठ महिने बाहेर येत नाही.

हिप्परग्याच्या तलावाकडं बाभळीखाली दगडांच्या ढिगात असलेला असा एक डबा मी उघडलाय. झाकण काढल्याबरोबर वास आला. आत झिपची पिशवी होती पण तिची झिप अर्धी उघडी, आत लॉगबुकची पानं एकमेकांना चिकटून त्याचा एक काळपट गोळा झालेला, निळी शाई सगळीकडे पसरलेली, एकही नाव वाचता येत नव्हतं. पेन्सिल फुगून उकललेली. एक गंजलेली किचेन, एक रुपयाची दोन नाणी, प्लॅस्टिकचा छोटा हत्ती, आणि हत्तीच्या पायापाशी मुंग्यांची पांढरी अंडी. लोकांनी पोरांसाठी म्हणून वस्तू ठेवलेल्या असतात, ही घे, ती ठेव. हा डबा कोणी पोरानं उघडला असता तर त्यानं पुन्हा कधी या खेळाचं नाव काढलं नसतं.

पण खरी गंमत पुढे आहे. त्याच ढिगात, वरच्या बाजूला, दोन दगडांमध्ये चुन्याची एक रिकामी डबी होती. आत कागदाची घडी आणि घडीवर नावं, अगदी ताज्या तारखांची. म्हणजे कोणीतरी आलं, त्याला खालचा खरा डबा सापडला नाही, मग त्यानं ठरवलं की डबा गेलेला दिसतोय, खिशातली डबी काढली, कागद घातला, वर आपलंच नाव लिहिलं आणि ऑनलाईन लॉग टाकला की सापडली, धन्यवाद. त्यानंतर आलेल्या सगळ्यांना ती डबीच सापडत गेली आणि सगळे खूश. ओनरला यातलं काही माहीत नाही कारण ओनरनं लॉग वाचणं कधीच सोडून दिलंय. याला थ्रोडाउन म्हणतात आणि जगभरातले खेळाडू यावर भांडत असतात, आपल्याकडे मात्र ती मदत समजली जाते.

मदत कसली? ती डबी ज्यानं टाकली तो तिची जबाबदारी घेत नाही, तो तर मोजणीत एक आकडा वाढवून पुढच्या गावाला गेलेला असतो. ओनरनं ती टाकलेली नाही म्हणून तोही घेणार नाही. म्हणजे आधी एक बेवारस वस्तू होती, आता दोन झाल्या. साइटवर कॅशच्या पानावर लिहिलेली साइज वेगळी, हिंट वेगळी, आणि शोधणारा जे शोधायला आलाय ते त्याला मिळतच नाही, मिळतो तो कोणाचा तरी खिसा रिकामा केल्याचा पुरावा. ओनरला विचारून, त्याच्या सांगण्यावरून कोणी डबा बदलला, वही बदलली, तर माझी काहीच हरकत नाही, उलट त्याला मी चहा पाजीन. कोरडी वही खिशात ठेवून फिरणारे, ओल्या वहीच्या जागी दोन पानं ठेवून येणारे लोक आहेत, तेही चांगलंच, पण ते ज्याचा ओनर जागेवर आहे त्या डब्यासाठी. ओनरच नाही तिथं अशी मलमपट्टी म्हणजे रोग झाकणं, कारण प्रत्येक नवीन ‘सापडली’ लॉगमुळे पान हिरवंगार दिसतं आणि रिव्ह्युअरला संशय यायचं कारणच उरत नाही.

इथं आपला एक स्वभाव आडवा येतो, आणि हे मी सगळ्यांबद्दल बोलतोय, माझ्या ग्रुपमधल्यांना राग येईल पण येऊ दे. आपल्याला कोणाचं वाईट करायला आवडत नाही. डबा सापडला नाही तर ‘नाही सापडली’ असा लॉग टाकायचा असतो, डीएनएफ म्हणतात त्याला, पण तो टाकायला लाज वाटते, लोक म्हणतील याला साधी कॅश सापडत नाही. डबा फुटलाय, वही भिजलीय, तर ओनरनं लक्ष द्यावं अशी नोंद टाकायची सोय आहे, जुने लोक अजून तिला एनएमच म्हणतात, नीड्स मेंटेनन्स, पण ती टाकली की पानावर पान्याचं चिन्ह दिसायला लागतं आणि आपल्याला वाटतं की आपण चहाडी केली. अरे तो माझा सीनियर आहे, मी कसं टाकू. अमक्याचा भाचा आहे, त्याला बरं वाटणार नाही. मग सगळे लॉगमध्ये लिहितात, छान जागा, मजा आली, आणि व्हॉट्सॲपवर खासगीत एकमेकांना सांगतात, तिकडं जाऊ नको बे, डब्यात पाणी भरलंय. म्हणजे जी माहिती सगळ्यांना पाहिजे ती फक्त ओळखीच्यांना, आणि पुण्याहून किंवा बाहेरच्या देशातून कोणी आपल्या शहरात एक दिवसासाठी आलाय, सकाळी सिद्धेश्वर एक्सप्रेसनं उतरलाय आणि नकाशावर ठिपका बघून रिक्षा करून तिथं गेलाय, त्याला मुंग्या.

डीएनएफ ही तक्रार नाहीच मुळी, ती बातमी आहे. एनएम म्हणजे ओनरला मारलेली हाक आहे. हाकेला ओ आली तर प्रश्नच मिटला, तो येतो, दुरुस्त करतो, मेंटेनन्सचा लॉग टाकतो, पाना निघून जातो. ओ नाहीच आली तर मग रिव्ह्युअरला कळवायचं. रिव्ह्युअर हा काही पगारी साहेब नाही, तोही आपल्यासारखाच खेळाडू, फुकटात हे काम करतो, त्याचा भाग मोठा असतो आणि त्याला सोलापुरातल्या बाभळीखाली काय चाललंय हे आपण सांगितल्याशिवाय कळणार कसं? तो आधी कॅश डिसेबल, म्हणजे तात्पुरती बंद, करतो, ओनरला साधारण चार आठवडे देतो, उत्तर आलं नाही की आर्काइव्ह. देखभाल नाही म्हणून रिव्ह्युअरनं आर्काइव्ह केलेली कॅश नंतर पुन्हा उघडत नाहीत, पाहिजे तर नवीन टाका. लोकांना हे कडक वाटतं. मला नाही वाटत. चार आठवडे म्हणजे परदेशातून सुद्धा दोन ओळींचं उत्तर द्यायला पुरेसा वेळ आहे, ‘मी जानेवारीत येतोय तोवर थांबा’ एवढं लिहिलं तरी बहुतेक रिव्ह्युअर ऐकून घेतात.

यावर एक उत्तर नेहमी येतं आणि ते अगदीच टाकाऊ नाही. पुण्या-मुंबईत कॅशची खाण आहे, आपल्याकडे आधीच ठिपके कमी, त्यातले चार आर्काइव्ह झाले तर नकाशा रिकामा दिसेल, नवीन माणूस ॲप उघडेल, जवळ काही नाही म्हणून बंद करेल आणि खेळ इथं कधीच रुजणार नाही. म्हणून जे आहे ते कसंबसं टिकवा. मला ही काळजी कळते. पण त्या नवीन माणसाचा विचार करा ना. तो पहिल्यांदा बाहेर पडलाय, बायकोपोरांना घेऊन रविवारी, आणि त्याला पहिली कॅश म्हणून चुन्याची डबी सापडते किंवा तासभर शोधून काहीच सापडत नाही. तो परत येईल? रिकामा नकाशा बघून माणूस निदान विचार करतो की चला आपणच एक टाकू. खोटा ठिपका बघून तो काहीच करत नाही.

आणि खोटा ठिपका जागा अडवतो हे कोणी बोलतच नाही. दोन डब्यांमध्ये कमीत कमी १६१ मीटर अंतर लागतं, मैलाचा दहावा भाग. म्हणजे एखाद्या चांगल्या जागी मेलेली कॅश बसलेली असेल तर तिच्या चारी बाजूंना १६१ मीटर कोणालाच काही टाकता येत नाही. तलावाकाठची एकच सावलीची, बसण्यासारखी, लपवण्यासारखी जागा, आणि ती अशा माणसाच्या नावावर अडकून पडलीय ज्यानं गेली कित्येक वर्षं लॉगिनच केलेलं नाही. नव्या पोरांना दुसरीकडं जा म्हणायचं, का तर जुन्याचा मान. सोलापुरात बंद दुकानांचे गाळे कुलूप लावून वर्षानुवर्षं पडलेले आपण बघतोच, आता खेळातही तेच?

अजून एक उदाहरण लोक देतात, मिंगोचं. अमेरिकेतल्या कॅन्सास राज्यात ११ मे २००० ला लपवलेली ही कॅश आज चालू असलेल्यांमधली सगळ्यात जुनी मानतात, तिचा डबा गेला, बदलला, तरी लोकांनी ती टिकवली, मग आपण का नाही? टिकवा की! पण मिंगोसाठी लोक दूरदूरून गाडी चालवत जातात, सगळ्या खेळाडूंचा तिच्यावर डोळा आहे, काही झालं की दुसऱ्या दिवशी कळतं. आपल्या बाभळीखालच्या डब्यावर कोणाचा डोळा आहे? आणि जुनेपणाचाच मान ठेवायचा तर अल्मरची ती पहिली बादली तरी कुठं राहिली. तिच्या जागी २००३ मध्ये आठवणीचा फलक बसवला, लोक तिथं जातात, फलकाचे फोटो काढतात. पहिली कॅश गेली म्हणून खेळ काही थांबला नाही, तर मग आपला डबा गेल्यानं काय बिघडणार आहे.

सांभाळणं म्हणजे काय हे सोलापूरकराला बाहेरून शिकायची गरजच नाही खरं तर. सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात या गावाभोवती ६८ लिंगं स्थापन केली असं आपण मानतो, आणि दरवर्षी संक्रांतीच्या यात्रेत पहिल्या दिवशी नंदीध्वज निघतात आणि त्या ६८ लिंगांना तैलाभिषेक करत नगरप्रदक्षिणा होते. काही लिंगं तर आता वस्तीत, गल्लीबोळात आहेत, तरी वगळत नाहीत. इथं मुद्दा भक्तीचा नाही, पद्धतीचा आहे. ठिकाणं ठरलेली, दिवस ठरलेला, आणि मुख्य म्हणजे मान कोणाचा हे ठरलेलं. एक पिढी थकली की मान पुढच्याकडे जातो, आणि तो गेला हे सगळ्या गावाला माहीत असतं. जिओकॅशिंगमध्ये याची सोय आहे, ॲडॉप्शन म्हणतात, ओनर आपली कॅश दुसऱ्याच्या नावावर करू शकतो, पाच मिनिटांचं काम आहे. पण ते ओनरनंच करायला लागतं. ओनर गप्प असेल तर साइट त्याची कॅश दुसऱ्याला देत नाही, कितीही विनंत्या करा, आणि ते बरोबरच आहे, नाहीतर उद्या कोणीही कोणाच्याही जागेवर हक्क सांगेल. म्हणून जे पोरगं ऑफर लेटर घेऊन बॅग भरतंय त्याला सेंड-ऑफ द्यायला जमाल तेव्हा केक कापायच्या आधी त्याच्या हातातून मोबाईल घ्या आणि त्याच्याकडून ॲडॉप्शन करून घ्या. घेणारा कोणी नसेल तर त्यानंच जायच्या आधी डबे उचलावेत आणि स्वतः आर्काइव्ह करावं. यात कसला कमीपणा? घर सोडताना आपण गॅसचं कनेक्शन ट्रान्सफर करतोच की.

ओनर वारला असेल तर? हा प्रश्न नाजूक आहे, आणि असे प्रसंग येतात. घरच्यांना तो डबा म्हणजे त्या माणसाची आठवण वाटू शकते, मित्रांना तर वाटतेच. माझ्या मते अशा वेळी डबा घरच्यांच्या हातात नेऊन द्यावा, आतली वही कोरडी असेल तर तीही, त्यात एवढ्या लोकांनी त्याच्यासाठी लिहिलेलं असतं. त्याच जागी त्याच्या नावानं कोणी नवीन कॅश टाकली आणि स्वतः सांभाळली तर उत्तमच. पण त्याच्या नावाचा डबा पावसात कुजू द्यायचा आणि त्याला आदर म्हणायचं हे मला पटत नाही.

आता माझ्या रागाचा विषय, आर्काइव्ह झाल्यानंतरचा. आर्काइव्ह केलं की नकाशावरून ठिपका जातो. डबा जात नाही! तो तिथंच आहे, दगडाखाली, आणि आता त्याच्याकडे जायचं कोणालाच कारण उरलेलं नाही. म्हणजे आतापर्यंत तो वाईट सांभाळलेला खेळ होता, आता तो सरळ सरळ कचरा झाला, आणि कचरा टाकणारे आपण. खेळात सीआयटीओ, म्हणजे कॅश इन ट्रॅश आउट, नावाची चांगली पद्धत आहे, २००२ पासून जगभर लोक जमून जागा साफ करतात, आपल्याकडेही ग्रुपनं फोटो काढून झालेत, टोप्या घालून, हातमोजे घालून. दुसऱ्याच्या गुटख्याच्या पुड्या आणि बाटल्या गोळा करायच्या आणि आपलाच डबा चार पावलांवर कुजतोय तो नाही उचलायचा, याला काय म्हणावं.

आणि प्रश्न फक्त घाणीचा नाहीये. २०११ मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्कशायरात वेदरबी नावाच्या गावात एका जिओकॅशच्या डब्यावरून बॉम्बशोधक पथक आलं, रस्ता बंद झाला आणि शेवटी तो डबा स्फोट करून उडवला. ती तर चालू कॅश होती, तिचा ओनर होता, पोलिसांना उत्तर द्यायला माणूस होता. आपल्याकडे आर्काइव्ह झालेला एखादा डबा उद्या गर्दीच्या जागी कोणाला दिसला, समजा यात्रेच्या दिवसांत होम मैदानाच्या आसपास, तर पोलीस कोणाला विचारणार? पानावर टोपणनाव, ईमेल बंद. आणि मग छापून येईल की शहरात कोणीतरी संशयास्पद डबे लपवत फिरतंय, पुढच्या खेपेला तुम्ही परवानगी मागायला गेलात की समोरचा दारातूनच परत पाठवेल.

भुईकोट किल्ला तर १९५८ च्या कायद्याखालचं संरक्षित स्मारक आहे, तिथल्या दगडात काही कोंबून ठेवलेलं सापडलं तर तुम्ही खेळ म्हणा नाहीतर छंद म्हणा, समोरचा ऐकून घेणार नाही आणि त्यानं का ऐकावं? नान्नजला माळढोकाच्या अभयारण्यात कोणी असला उद्योग करू नये हे सांगायला लागू नये. अशा जागी एखादी जुनी कॅश असेलच तर चार आठवड्यांची वाट कसली बघता, लगेच रिव्ह्युअरला कळवा.

मग डबा उचलायचा कोणी, आणि त्याला चोरी म्हणतील त्याचं काय? कारण डबा कायद्यानं, रीतीनं ज्यानं ठेवला त्याचाच असतो, वेबसाइट तर स्पष्टच म्हणते की डबे आमचे नाहीत. यावर वाद घालणारे भेटतात, की ओनरची परवानगी नसताना डबा हलवणं चूक, तो त्याच्या वेळेनं येईल. मला हे ऐकून हसू येतं. रस्त्यावर सोडून दिलेली गाडी सुद्धा महापालिका आधी नोटीस चिकटवते आणि मग उचलून नेते, मालकी कोणी नाकारत नाही, पण मालकी म्हणजे जागा अडवायचा कायमचा परवाना नाही. आपणही तेच करावं. आर्काइव्ह झालेल्या कॅशच्या ओनरला साइटवरून मेसेज टाकायचा की मी या तारखेनंतर डबा काढणार आहे, तुला पाहिजे असेल तर सांग. महिनाभर थांबायचं. मग जो जवळ राहतो त्यानं जायचं, जागेचा आणि डब्याचा फोटो काढायचा, आजूबाजूला थ्रोडाउन पडलेत का तेही बघायचं, सगळं गोळा करायचं, कॅशच्या पानावर नोंद टाकायची की डबा काढलाय आणि माझ्याकडे आहे. आर्काइव्ह झालेल्या पानावरही सहसा नोंद टाकता येते. आत कोणाचा ट्रॅव्हल बग, म्हणजे एका कॅशमधून दुसऱ्या कॅशमध्ये फिरणारी नंबरवाली वस्तू, असेल तर तो आधी बाहेर काढून पुढच्या चालू कॅशमध्ये सोडायचा, बिचारा कुठल्या तरी देशातून प्रवास करत आलेला असतो आणि आपल्या बाभळीखाली अडकून पडतो. धुतलेला डबा पिशवीत घालून वर्षभर माळ्यावर ठेवला तर कोणाच्या घरात जागा कमी पडत नाही.

बायको विचारेल हे काय आणलंय, ते ज्याचं त्यानं निस्तरायचं.

नवीन टाकणाऱ्यांना एकच सांगणं, प्रत्येक चांगल्या जागेला डबा लागतोच असं नाही. २००४ पासून अर्थकॅश नावाचा प्रकार आहे, त्यात डबाच नसतो, त्या जागेचा भूगर्भ समजून घ्यायचा आणि प्रश्नांची उत्तरं ओनरला पाठवायची. आपण अख्खे दख्खनच्या बेसॉल्टवर बसलोय, एकावर एक लाव्ह्याचे थर, विहिरी खणताना दिसतो तो काळा पाषाण, त्याच्या फटीत मुरणारं पाणी, यावर दहा चांगल्या अर्थकॅश होतील, आणि त्यातली एकही सप्टेंबरात भिजणार नाही. परवानगी त्यालाही लागते, पोरांनी पाठवलेली उत्तरं बघायला ओनरही लागतो, पण पुण्यात बसून ते जमतं. ज्याला माहितीय की दोन वर्षांत आपण इथून जाणार, त्यानं डब्याच्या नादी न लागता हेच करावं.

आणि डबा उचलल्यावर तीन वर्षांनी ओनर उगवला आणि भांडायला लागला की माझा डबा कुठंय, तर भांडू नका. माळ्यावरून पिशवी काढा, त्याच्या हातात द्या, आणि विचारा, आता इथंच राहणार आहेस का? हो म्हणाला तर जागा मोकळीच आहे, आजूबाजूला १६१ मीटरमध्ये काही नाही, नवीन झाकणाचा डबा घेऊन ये म्हणावं.